प्रदर्शनाच्या कालवडींची बैठक : 4 ऑक्टोबर ते 2 फेब्रुवारीच्या नोंदी

4 ऑक्टोबर

मैनेच्या उजव्या गुडघ्यावरचे केस गेलेत. नाण्याएवढा चट्टा आहे. कातडी गुलाबी दिसते, अजून फाटलेली नाही. डाव्या गुडघ्यावरही केस विरळ झालेत. सकाळी खरारा करताना हाताला लागलं म्हणून कळलं. चांदणीचे गुडघे ठीक वाटतात, पण ती काळीभोर, तिच्या अंगावरचं असं काही चटकन दिसत नाही. तिला रोज हात फिरवूनच तपासायचं.

दोघींना यंदा प्रदर्शनाला न्यायचंय. पहिलं नोव्हेंबरच्या शेवटी तीन दिवसांचं, दुसरं जानेवारीअखेर पाच दिवसांचं. खुराक, चालणं, मोरकीची सवय, धुणं-विंचरणं, सगळ्याच्या नोंदी आपल्याकडे आहेत. बसायच्या जागेबद्दल मात्र एक ओळही नाही. रबरी मॅट, वर दोन घमेली भुसा, एवढ्यावरच आजवर चाललं. म्हणून ही वही फक्त बैठकीची.

गुडघेच का सोलवटतात ते आज पुतण्याला दाखवलं. जनावर उठताना मागचा भाग आधी उचलतं. त्या घटकेला पुढचं सगळं वजन दुमडलेल्या गुडघ्यांवर येतं, आणि जोर यावा म्हणून ते डोकं पुढे झोकतं. बसताना पहिले टेकतात तेही गुडघेच. दिवसात दहाएक वेळा ही उठबस होते. खाली पातळ भुसा असला तर तो पहिल्याच हिसक्याला बाजूला सरकतो, आणि गुडघा थेट मॅटवर घासतो. मॅट मऊ असली तरी घासते ती घासतेच.

7 ऑक्टोबर

जुना फोन खांबाला बांधून दर 10 मिनिटांनी एक फोटो निघेल अशी सोय केली. तीन दिवसांचे फोटो काल रात्री बसून मोजले. चांगल्या बैठकीवर गाय 24 तासांतले 12 ते 14 तास आडवी असते. आपली चांदणी सरासरी साडेनऊ तास, मैना जेमतेम आठ.

हे पाहून वाईट वाटलं. आपण खुराक तोळामासा मोजून घालतो आणि जनावर चार-चार तास नुसतं उभं राहतं, ते आपल्या लक्षातही येत नाही. उभं जनावर रवंथ करतं, नाही असं नाही, पण बसून करतं त्या शांततेने नाही. आणि पाय सतत वजनाखाली राहिले की खुरांना आराम मिळत नाही.

फोटोंतून कळलं नाही ते रात्री गोठ्यात बसून कळलं. मैनेला बसायचं होतं. मान खाली घालून तिने भुशाचा वास घेतला, नाक जमिनीलगत ठेवून डोकं डावीकडून उजवीकडे फिरवलं, एक पुढचा पाय थोडा दुमडला आणि पुन्हा सरळ केला. मग सुस्कारा सोडून उभी राहिली. दहा मिनिटांनी तेच. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा बसली ती धपकन, जड गोणी टाकावी तशी. जनावर जागेवर विश्वास ठेवत नाही म्हणजे काय ते असं दिसतं.

12 ऑक्टोबर

काय काय अंथरता येईल ते आज नीट पाहिलं. प्रत्येक जिनसाचा एक किलो सच्छिद्र पोत्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी अर्धा तास टांगून निथळला आणि वजन केलं. गव्हाच्या काडाने आपल्या वजनाच्या दुपटीहून थोडं जास्त पाणी धरलं. तेच काड कापून बारीक केलं तर आणखी थोडं. कोरडा लाकडी भुसा अडीच पटीच्या आसपास, रंध्याच्या साली त्याहून कमी. भाताच्या तुसाने जवळजवळ काहीच धरलं नाही. तूस कोरडं दिसतं, हाताला हलकं लागतं, पण मूत त्यातून गाळणीतून जावं तसं खाली उतरतं. शिवाय टोकं टोचतात. बाद.

पण पाणी धरणं हा एकच निकष नाही, हेही आजच डोक्यात बसलं. भुसा जास्त पाणी धरतो खरा, पण बारीक असल्याने केसांच्या मुळापर्यंत शिरतो आणि ओल्या सडाला चिकटून राहतो. काड कमी धरतं, पण त्याची जाळी होते. ओल खाली उतरते, वरचा थर कोरडा राहतो. रंध्याच्या साली या दोघांच्या मधल्या. कुरळ्या असल्यामुळे उशीसारख्या दबतात, धूळ कमी, आणि ब्लोअर मारला की केसांतून उडून जातात.

वाळूची गोष्ट निराळी. ती पाणी धरतच नाही, वाहून जाऊ देते. तिच्यात जंतूंना खायला काही नाही, म्हणून कास निरोगी ठेवायला वाळूसारखं अंथरूण नाही. स्वच्छ असेल तरच, शेण मिसळलं की वाळूही इतरांसारखीच. लाकडाच्या भुशात क्लेब्सिएला आणि काडात स्ट्रेप्टोकोकस उबेरिस हे काससुजीचे जंतू जोमाने वाढतात. आपल्या कालवडी अजून व्यायलेल्या नाहीत, पण कास घडतेय ती आत्ताच. व्यायच्या आधीच कास बिघडली तर पुढे हळहळण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

बाबांचं म्हणणं वाळू. माझं रंध्याच्या साली. दोन्ही करून बघायचं ठरलं.

15 ऑक्टोबर

मैनेच्या जागेतली मॅट काढली, आडवी फळी ठोकली आणि धुतलेली वाळू 15 सेंटिमीटर भरली. खडा राहू नये म्हणून चाळून घेतली. चांदणीच्या जागेत मॅट तशीच, वर रंध्याच्या साली 10 सेंटिमीटर.

तपासायची पद्धत ठरवली, तीही रोजची. जिथे कालवडीचे गुडघे टेकतात तिथेच मी उभ्याने गुडघ्यांवर पडायचं. दुखलं तर तिलाही दुखतं. मग त्याच जागी पंधरा-वीस सेकंद गुडघे टेकून राहायचं. उठल्यावर पँट ओली लागली तर वरचा थर बदलायचा. नुसत्या डोळ्यांनी बैठक कधीच कळत नाही. वरून सोन्यासारखं काड आणि खाली चार बोटं चिखल, हे मी पाहिलेलं आहे.

23 ऑक्टोबर

आठ दिवसांचे फोटो मोजले. मैना वाळूवर साडेअकरा तास. चांदणी सालींवर 11 तास. मैनेचं बसणंही बदललं. आता वास घेते आणि बसते, मधलं घुटमळणं गेलं. गुडघ्याच्या चट्ट्यावर बारीक लव येतेय. बाबा रोज सकाळी आधी तो गुडघा बघतात.

वाळूचे त्रास मात्र सुरू झाले. शेणाबरोबर रोज थोडी वाळू गटारीत जाते आणि तळाशी बसते. आज गटार तुंबली, मूत मागे फिरून चांदणीच्या जागेपर्यंत आलं. दोन तास फावड्याने उपसत होतो. वाळू कुजत नाही, त्यामुळे ते शेण खताच्या ढिगात टाकायलाही मन होत नाही. शेपटीच्या झुपक्यात वाळू अडकते आणि विंचरताना केस तुटतात. प्रदर्शनाच्या जनावराचा शेपटीचा झुपका म्हणजे महिन्यांची कमाई, तो असा तुटू द्यायचा नाही.

2 नोव्हेंबर

साली संपत आल्या म्हणून दुसरीकडून भुसा आणला. पोतं उघडलं तर उग्र वास, आणि काही कण हिरवट. प्लायवूड आणि औषध मारलेलं लाकूड कापलेल्या ठिकाणचा भुसा होता. लाकूड टिकावं म्हणून मारलेल्या औषधांत तांबं असतं, जुन्यांत आर्सेनिकसुद्धा. जनावर बैठक हुंगतं, चाटतं, कधी चघळतंही. सगळीच्या सगळी पोती परत केली. यापुढे भुसा घेताना कुठलं लाकूड, त्यावर काय मारलेलं, हे विचारल्याशिवाय पोतं गाडीत चढवायचं नाही.

दुसऱ्या ठिकाणचा भुसा स्वच्छ होता, पण ताज्या कापलेल्या ओल्या लाकडाचा. ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागली. म्हणजे जंतूंचं काम आधीच चालू झालंय. असा भुसा अंथरायचा म्हणजे सडांखाली तयार विरजण ठेवायचं. तोही नाकारला. शेवटी कोरड्या लाकडाच्या साली दूरवरून आणल्या. दोन दिवस यात गेले, पण गेले ते बरे गेले.

10 नोव्हेंबर

सकाळी दार उघडल्यावर डोळे चुरचुरले नाहीत, म्हणजे हवा ठीक आहे असं मी समजत होते. आज चांदणी बसलेली असताना तिच्या शेजारी खाली बसले आणि माझं नाक तिच्या नाकाच्या उंचीवर आणलं. अमोनियाचा झणका आला. आपण पाच फुटांवरून श्वास घेतो आणि ती एक फुटावरून, तेही रात्रभर.

खालचा थर उचलला. मॅटच्या मागच्या कडेला मूत साचून काळपट लगदा झाला होता. वर रोज नवीन साली पडत होत्या, खालचं कुणी काढत नव्हतं. आजपासून रोज दोन वेळा ओला भाग मॅटपर्यंत खरवडून काढायचा आणि आठवड्याला मॅट उचलून खालची फरशी धुवायची, वाळवायची. मॅटखालची ओल कुणाला दिसत नाही, म्हणून तीच वाढत जाते.

धुतल्यावर चुनखडीची पूड पातळ भुरभुरली. भिजवलेला चुना जंतू जास्त मारतो, पण त्याचा जोर दिवस-दोन दिवसांतच ओसरतो आणि सडांची कातडी भाजते. कळीचा चुना तर गोठ्याच्या आसपासही नको, ओल लागली की पेटल्यासारखा तापतो. पूड सौम्य आहे, ओल खेचते आणि घसरत नाही. मला तेवढं पुरे.

25 नोव्हेंबर

पहिलं प्रदर्शन काल संपलं. कालपासून मन थाऱ्यावर नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

22 तारखेला दुपारी पोहोचलो. जागा मिळाली ती काँक्रीटची, गुळगुळीत. आदल्या जनावरांचं थोडं जुनं काड कोपऱ्यात होतं. आम्ही घाईत होतो. ते झाडून बाजूला लोटलं, फरशी धुतली नाही. वर तिथे मिळालेल्या साली टाकल्या, पाचेक सेंटिमीटर असतील, आणि त्यावर शोभेला काड. लांबून बैठक छान दिसत होती. मी फोटोही काढला.

मैना घरी वाळूवर बसायला शिकलेली. काड तिने पायाखाली कधी पाहिलंच नव्हतं. तिला ते वैरण वाटलं. रात्रभर खात राहिली. सकाळी पोट ढोलासारखं फुगलेलं, खुराकाला तोंड लावलं नाही. पंचांसमोर न्यायचं त्या वेळेला तिची ठेवण वेगळीच दिसत होती, कुशी भरून आलेली, पाठीची रेषा हरवलेली.

चांदणी खात नव्हती, पण बसतही नव्हती. कोरड्या काडाची सळसळ झाली की कान टवकारायची. दोनदा गुडघे टेकले, दोन्ही वेळा पातळ साली सरकल्या, गुडघा काँक्रीटवर आपटला आणि ती झटक्यात उभी राहिली. पहाटे तीनपर्यंत उभीच. पुतण्या तिच्या गळ्याशी हात ठेवून बसून होता. "आत्या, ही थकलीय गं, पण बसत नाही," एवढंच दर थोड्या वेळाने म्हणत होता. सकाळी मागचे पाय घोट्यांपाशी भरलेले, चाल आखडलेली.

तिथे शेजारच्या बैठकी पाहून आले. जाणत्या लोकांची जनावरं दुपारच्या गोंगाटातही पसरून रवंथ करत होती. त्यांच्या बैठकीत हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला, तरी फरशी लागली नाही.

चूक सरळ आहे. घरी आम्ही घरापुरती बैठक निवडली आणि प्रदर्शनात प्रदर्शनापुरती. जनावर मात्र दोन्हीकडे तेच होतं. घरची बैठक तिला निरोगी ठेवायला हवी आणि प्रदर्शनाची ओळखही करून द्यायला हवी. पहिली गोष्ट केली, दुसरी सुचलीच नाही.

26 नोव्हेंबर

दोघी आल्या त्या दिवसापासून मागच्या वेगळ्या शेडमध्ये आहेत. इतर जनावरांपासून किमान 21 दिवस दूर. प्रदर्शनातलं उरलेलं काड आणि साली परत आणल्या नाहीत. गाडी झाडून, धुऊन, मग जंतुनाशक मारलं. शेण चिकटलेलं असताना जंतुनाशक मारून उपयोग नाही, ते शेणातच जिरून जातं. त्या शेडचं दाताळं, फावडं, बुटं वेगळी. दाताळ्याच्या दांड्याला लाल पट्टी बांधली.

12 डिसेंबर

मैनेच्या डाव्या डोळ्याच्या वर राखाडी, खपली धरलेला गोल चट्टा. दुसरा मानेवर, मोरकीपासून दूर. घासल्याचा नाही. डॉक्टरांनी बघितलं आणि गजकर्ण सांगितलं. त्याची लागण होऊन दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. दिवस मोजले तर प्रदर्शनातच येऊन थांबतात. या बुरशीचे बीजाणू कोरड्या काडात, लाकडात, भिंतीच्या फटीत महिनोन्महिने जिवंत राहतात. कोपऱ्यात लोटलेलं ते जुनं काड डोळ्यांसमोरून हलत नाही. तिथूनच आलं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण फरशी न धुता आम्ही जनावर बसवलं, हे खरं आहे.

जानेवारीत मैना जाणार नाही. चट्टे आपोआप बरे होतात, पण वेळ घेतात, आणि असं जनावर गर्दीत नेणं इतरांवर अन्याय आहे. चांदणीला आजच तिसरीकडे हलवलं. तिच्या अंगावर इंच न इंच हात फिरवला, काही नाही. रोज फिरवायचा. मैनेच्या जागेतलं सगळं अंथरूण जाळलं.

पुतण्याच्या मनगटावरही लाल कडं उठलंय. हा आजार माणसालाही होतो. त्याला डॉक्टरांकडे नेलं, मलम चालू झालं. यापुढे मैनेचं काम हातमोजे घालूनच.

20 डिसेंबर

चांदणीसाठी आज घरीच प्रदर्शनाची बैठक बांधली. जागा मुद्दाम काँक्रीटची, मॅट नाही, कारण तिथे मॅट नसेल असंच धरून चालायचं.

खाली रंध्याच्या साली 15 सेंटिमीटर. टाकल्यावर झारीने पाणी शिंपडलं, ओलं व्हावं इतकं नाही, मुठीत दाबलं तर गोळा धरू पाहील पण थेंब पडणार नाही इतपत. मग बाबा, पुतण्या आणि मी तिघांनी पायांनी तुडवून घट्ट केलं. किंचित दमट साली एकमेकींत अडकतात, सरकत नाहीत आणि धूळही धरत नाहीत. हा थर म्हणजे पाया. नोव्हेंबरात आमच्याकडे पायाच नव्हता, नुसती रंगरंगोटी होती.

पुढची बाजू मागच्यापेक्षा 10 सेंटिमीटर उंच ठेवली. मूत मागे उतरतं, जनावर थोडं चढावर उभं राहतं आणि पाठीची रेषा सरळ दिसते. उतार याहून जास्त नको, नाहीतर सगळा भार मागच्या पायांवर जातो.

वर काड 20 सेंटिमीटर. काड गव्हाचंच. ओटचं जनावराला गोड लागतं, ते खातं. जवाचं कुसळांमुळे टोचतं, डोळ्यांत आणि तोंडात जातं. गठ्ठा बाहेर उघड्यावर नेऊन सोडायचा आणि प्रत्येक पेंडी हाताने झटकायची. आज झटकताना एका गठ्ठ्याच्या पोटातून पांढरट धूर निघाला. बुरशी होती. तो अख्खा गठ्ठा बाजूला काढला. बुरशीचं काड फुप्फुसात जातं, गाभण जनावर त्याने गाभडतं, आणि झटकणाऱ्या माणसाची छातीही बिघडते. नाक-तोंड बांधूनच झटकायचं. उंदराच्या लेंड्या दिसल्या तरी तेच, त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस येतो.

काडाची कड दुमडून आत खोचली, म्हणजे वाटेवर पसरत नाही. दावं ठेवलं ते मान खाली टेकून बसता येईल एवढंच, जेमतेम 60 सेंटिमीटर मोकळं, ओढताच सुटणारी गाठ. जास्त लांब दाव्यात पाय अडकतो.

चांदणी आत आली. काडाची सळसळ झाली, कान उभे राहिले. आम्ही आधी वैरण घातली, पोटभर. भुकेलं जनावर काडावर बांधायचं नाही, हे मैनेकडून शिकलो.

27 डिसेंबर

पहिल्या रात्री पाच तास. दुसऱ्या रात्रीपासून वाढत गेलं. काल 24 तासांत 12.

गोंगाटाचीही सवय करतोय. शेडमध्ये रेडिओ, मध्येच पंखा, मध्येच बादल्यांचा आवाज. रात्री एक दिवा चालू. प्रदर्शनात अंधार मिळत नाही.

5 जानेवारी

आज दुपारी चांदणीचं बसणं पूर्ण पाहिलं. नाक काडात खुपसलं, एकदाच. पुढचे दोन्ही गुडघे टेकले आणि काड त्यांच्याभोवती वर आलं, गुडघे दिसेनासे झाले. क्षणभर तशीच, मागचा भाग उंच. मग मागचे पाय पोटाखाली घेऊन एका कुशीवर अलगद आली. कुठेही आपटल्याचा आवाज नाही. एक मागचा पाय लांब सोडला, मान वळवून कुशीवर ठेवली आणि डोळे मिटले. गाय अशी कुशीत डोकं घालून झोपते ती थोडाच वेळ, आणि निर्धास्त असेल तरच. पुतण्या आणि मी दाराआड श्वास रोखून उभे होतो.

ऑक्टोबरपासूनची मेहनत त्या पाच मिनिटांत भरून पावली.

14 जानेवारी

घरची बैठक आता अशी ठरली. मॅट राहील, वर साली 15 सेंटिमीटर, मागच्या भागातला ओला थर दिवसातून दोनदा पूर्ण बदलायचा, चुनखडीची पूड मॅटवर, सालींवर नाही. थंडी वाढली की वर काड. वाळू बाबांच्या मनातून गेलेली नाही आणि त्यांचं म्हणणं खोटंही नाही. कासेसाठी ती सरस आहे. पण आपल्या गटारीला आणि खताच्या ढिगाला ती झेपत नाही. बाहेरच्या मोकळ्या वाड्यात सावलीखाली वाळूचा एक ढीग ठेवायचा, जनावरांना दिवसा तिथे लोळू दे. खुरांनाही चांगलं. यावर दोघांचं जमलं.

दाताळ्याने रोज दोनदा खालीवर करून कुजत ठेवायची खोल बैठकही महिनाभर करून बघावी असं पुतण्याला वाटतं. त्याला कोरडा भुसा भरपूर लागतो, आत 45 ते 60 अंश ऊब धरावी लागते आणि ओल 60 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नसते. एकदा थंड पडली की तिचा चिखल होतो. दोन जनावरांसाठी नको, गोठा मोठा झाला की बघू.

22 जानेवारी

डॉक्टरांनी चांदणीला डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासलं. कातडी स्वच्छ. मैनेच्या चट्ट्याबद्दल प्रदर्शनवाल्यांना आपणच आधी कळवलं होतं. त्यांनी कागद बघून होकार दिला.

तिथे कोणतं अंथरूण चालतं तेही विचारून घेतलं. वाळू चालत नाही, साली आणि काड चालतं, जाताना जागा रिकामी करून द्यायची. हे दर ठिकाणी वेगळं असतं. कुठे काडच नको म्हणतात, कुठे बाहेरून आणू देत नाहीत. गाडी भरल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

सालींची 12 पोती आणि काडाचे सहा गठ्ठे गाडीत चढवले. निम्म्याहून जास्त माल पहिल्याच दिवशी बैठक बांधायला लागणार, उरलेला रोजच्या भरीला. सगळं आपण आणि आपल्याच जनावराने वापरून पाहिलेलं. गाडीतही दमट साली, पाय घसरू नयेत म्हणून.

27 जानेवारी, प्रदर्शनाचा पहिला दिवस

जनावर गाडीतच ठेवलं. आधी जागा झाडली, फरशी खराट्याने घासून धुतली, जंतुनाशक मारलं, सुकू दिली. तासभर गेला. चांदणी हंबरत होती, जीव कासावीस झाला, पण घाई केली नाही. मग पाया, तुडवणं, उतार, काड.

दुपारी साडेतीनला बांधली. चारला दहा मिनिटं कमी असताना बसली.

28 जानेवारी

रात्री पाळ्या. पहिली बाबांची, मधली माझी, पहाटेची पुतण्याची. काम एकच, शेण पडलं की लगेच उचलायचं. मिनिटभरात उचललं तर मूठभर काड जातं. जनावर त्यावर बसलं तर काड जातंच, वर अंग धुवावं लागतं, केस ओले होतात, डाग बसतो. काळ्या अंगावर शेणाचा डाग दिसत नाही असं वाटतं, पण वाळल्यावर केस तिथे चपटे राहतात आणि उजेडात तांबूस दिसतात.

समोरच्या रांगेत एकाने पंख्याची वायर काडाखालून नेली होती. बाबांनी जाऊन हात जोडून सांगितलं, त्यांनीही लगेच काढून वर टांगली. इतकं कोरडं काड, इतकी बांधलेली जनावरं. ठिणगी पडली तर दावी सोडायलाही वेळ मिळणार नाही.

29 जानेवारी

आज चांदणीच्या वर्गाची स्पर्धा होती. सकाळी ब्लोअरने साली उडवल्या, पोटाखालून आणि मांडीच्या आतून हाताने. चाल मोकळी, पाय कोरडे, घोटे बारीक. तिसरी आली. पंचांनी पायांबद्दल चांगला शब्द काढला. मला तेवढ्यात सगळं मिळालं.

30 जानेवारी

मागच्या भागातला पाया उकरून बदलला. चौथ्या दिवशी वरून काही दिसत नव्हतं, पण गुडघे टेकले तर पँट ओली. नाक खाली नेलं तर वासही येऊ लागला होता. नवीन साली, पुन्हा तुडवणं. चांदणी हे चालू असताना शेजारी उभी राहून रवंथ करत होती.

2 फेब्रुवारी

परतून तिसरा दिवस. चांदणी मागच्या शेडमध्ये, 21 तारखेपर्यंत तिथेच. प्रदर्शनातलं सगळं अंथरूण तिथल्या खताच्या जागी टाकून आलो. दोन पोती साली न उघडता उरल्या, त्यांची वरची आवरणं पुसून घेतली. दाताळी धुऊन उन्हात ठेवलीत, लाल पट्टीचं वेगळ्या खुंटीवर.

घरच्या सालींचं खत करताना लाकूड जास्त पडलं तर ते पिकाचं नत्र ओढून घेतं. म्हणून ढिगात शेण वाढवून सहा महिने कुजू द्यायचं, तोवर शेतात नाही.

मैनेच्या डोळ्यावरचा चट्टा भरला. आतून नवे केस येतायत, अजून आखूड आणि जरा गडद. गुडघ्यांवर तर शोधूनही खूण सापडत नाही. तिच्या जागेच्या भिंती घासून झाल्या, फरशी दोन दिवस उन्हात वाळली, मॅटही. उद्या नवीन साली टाकायच्या, आणि पुढच्या आठवड्यापासून तिलाही काडाची ओळख, आधी पोटभर वैरण घालून.